उंबरठ्यापासून अपघात विभागापर्यंत

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला, की अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील अनेक वाड्या-वस्त्यांवरील कर्ती माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या मुलुखात निघून जातात. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली शाळकरी नातवंडे. अशा एखाद्या घरी पहाटे आजोबांचे तोंड वाकडे झालेले दिसते. हात उचलत नाही. 'अंगावरून वारे गेले' असे शेजारी म्हणतात. कोणी तेल चोळतो, कोणी परगावी असलेल्या मुलाला फोन लावतो. तो येईपर्यंत थांबावे असे ठरते आणि रुग्णालय गाठेपर्यंत दुपार कलते.

क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा होय. सुमारे 17,000 चौरस किलोमीटरचा विस्तार, 14 तालुके आणि 2011 च्या जनगणनेनुसार 45 लाखांहून अधिक लोकसंख्या. त्या जनगणनेच्या वेळी राज्यात दर दहा व्यक्तींमागे जवळजवळ एक व्यक्ती साठीच्या पुढची होती. जामखेडहून जिल्हा रुग्णालय सुमारे 75 किलोमीटर दूर; अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातून तर त्याहूनही लांब. हे अंतर कमी करणे कोणाच्या हाती नाही. घरातून निघण्यास लागणारा वेळ कमी करणे मात्र निश्चितच आपल्या हाती आहे.

वेळेचा हिशेब

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून अर्धांगवायू झाला असल्यास ती विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तत्पूर्वी सीटी स्कॅन करावा लागतो. म्हणूनच डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "यांना धडधाकट असे शेवटचे कधी पाहिले?" एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत या प्रश्नाला पुष्कळदा उत्तरच मिळत नाही, आणि उत्तराअभावी उपचाराचा मार्ग बिकट होतो. अशा रुग्णाला चहा किंवा पाणी पाजू नये. गिळता न आल्याने ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

'अपघात विभाग' या नावामुळे तेथे केवळ अपघातग्रस्तांनीच जावयाचे असते, असा समज होण्याचा संभव आहे. वास्तविक तातडीच्या सर्वच दुखण्यांसाठी हा विभाग अहोरात्र उघडा असतो.

न बोलणारी दुखणी

उतारवयात आजाराची भाषा बदलते. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ न येता केवळ घाम, धाप किंवा विलक्षण थकवा जाणवू शकतो. न्यूमोनिया असूनही अंगात ताप नसतो. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज एकाएकी असंबद्ध बोलू लागली, तर घरचे तिला म्हातारचळ लागला असे म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात जेवण चुकवून मधुमेहाची गोळी घेतल्यामुळे रक्तातील साखर उतरलेली असू शकते, अथवा लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. म्हातारचळ एका रात्रीत लागत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी अनेक जीव वाचतील. पडल्यानंतर उभे राहता येत नसेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची शंका घ्यावी. घरी झोपवून ठेवल्याने अंथरुणातील जखमा, छातीचा संसर्ग अशी नवी संकटे उद्भवतात.

तातडीने आणाव्या लागणाऱ्या अनेक वृद्धांच्या बाबतीत दुखण्याचे मूळ साध्या गोष्टीत असते: रक्तदाबाची गोळी संपली आणि ती आणणारे कोणी नव्हते. गावातील नित्याची देखभाल जेथे तुटते, तेथून अपघात विभागाची वाट सुरू होते.

उपलब्ध साधने

सन 2014 मध्ये राज्यात सुरू झालेली 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा विनामूल्य आहे. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी 2010-11 पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत स्वतंत्र कक्षाची तरतूद आहे. सत्तर वर्षांवरील नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्डाद्वारे मिळू लागले. हे कार्ड प्रकृती ठीक असतानाच काढून ठेवावे, हे उत्तम.

गावाने काय करावे?

याच जिल्ह्यातील जामखेड येथे 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच अल्पशिक्षित स्त्रिया प्रशिक्षणानंतर आरोग्याचे केवढे काम पेलू शकतात, हे त्यांनी जगाला दाखविले. 1979 साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. तोच धडा येथेही उपयोगी पडावा.

हंगामापूर्वी ग्रामपंचायतीने आशा स्वयंसेविकेच्या मदतीने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी. प्रत्येक वस्तीवर रुग्णासोबत जाणारी एक व्यक्ती आधीच ठरवावी. मुलाची वाट पाहत बसण्याचे मग कारण उरणार नाही. आधार कार्ड, जुने कागद, चालू गोळ्या आणि नातलगांचे दूरध्वनी क्रमांक एका पिशवीत घालून ती खुंटीला टांगून ठेवावी. दर महिन्याच्या गोळ्या घरपोच होतात की नाही, हे पाहावे.

शिक्षकांवरही एक जबाबदारी येते. कर्ती माणसे दूर असलेल्या घरात आजी-आजोबांजवळ रात्री बहुधा नातवंडच असते. 108 हा क्रमांक कसा लावावा, आपल्या वस्तीचा ठावठिकाणा आणि जवळची खूण कशी सांगावी, एवढे त्या मुलाला शाळेत शिकविले, तर पहाटेचे ते मोलाचे तास वाया जाणार नाहीत.