पाहण्यापाहण्यातला फरक

पौर्णिमेच्या रात्री तुम्ही गच्चीवर उभे आहात. समोर पूर्ण चंद्र आहे. तुम्ही बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहता. अशा पाहण्याला मराठीत ‘टक लावून पाहणे’ म्हणतात. तुम्ही उर्दूत ‘टकटकी बाँधकर देखना’ म्हणता. इंग्रजीत यासाठी ‘गेझ’ हा शब्द आहे.

जाता जाता सहज पाहिले, तर त्याला इंग्रजीत ‘ग्लान्स’ म्हणतात. ‘गेझ’मध्ये नजर स्थिर असते आणि मनही गुंतलेले असते. कौतुक, प्रेम, आश्चर्य किंवा विचार यांमुळे माणूस असा पाहत राहतो. ज्याच्याकडे पाहायचे, त्या शब्दाच्या आधी ‘ॲट’ येते. ‘शी गेझ्ड ॲट द मून’, म्हणजे ती चंद्राकडे टक लावून पाहत राहिली. मराठीतील ‘कडे’ मात्र शब्दाच्या शेवटी जोडला जातो. हा फरक लक्षात ठेवा.

ताऱ्यांकडे असे पाहणाऱ्याला ‘स्टारगेझर’ म्हणतात. गॅलिलिओ हा इटलीतील शास्त्रज्ञ. ७ जानेवारी १६१० रोजी त्याला दुर्बिणीतून गुरू ग्रहाजवळ तीन लहान ठिपके दिसले. गुरू म्हणजे तुमचा ‘मुश्तरी’. गॅलिलिओ एकदा पाहून थांबला नाही. पुढच्या रात्रीही तो पाहत राहिला. ठिपके जागा बदलत होते. १३ जानेवारीला चौथा ठिपका दिसला. ते गुरूभोवती फिरणारे चंद्र होते!

आता दुसरा प्रसंग पाहा. वर्गात एक नवी मुलगी येते. ती कुबड्या घेऊन चालते. सगळ्यांचे डोळे तिच्या पायांवर खिळतात. ती मान खाली घालते. येथेही नजर स्थिरच आहे. पण याला ‘गेझ’ म्हणत नाहीत, ‘स्टेअर’ म्हणतात. उर्दूतील ‘घूरना’ आणि मराठीतील ‘रोखून पाहणे’ हे त्याच्या जवळचे शब्द आहेत. माणसांकडे असे पाहणे इंग्रजीतही असभ्य समजले जाते.

डोळे तेच असतात. मनातील भाव बदलला, की शब्द बदलतो. म्हणून चंद्राकडे हवे तितके टक लावून पाहा, त्याला राग येणार नाही. पण नवी मुलगी वर्गात आली, तर तिच्या कुबड्यांकडे पाहत राहू नका. तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसा आणि तिला आपल्या शेजारी जागा द्या.