शेपटातला पहारेकरी

आता लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानाचं उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात ही विमानं रात्री जर्मनीवर जायची. शेपटाला एक फिरतं टरेट, त्यात चार मशीनगन आणि एकटा गनर, बाकीच्यांकडे पाठ करून तासन्‌तास बसलेला. टरेट इतकं अरुंद, की पॅराशूट सहसा पाठीमागे विमानाच्या धडात ठेवावं लागे.

आपल्याला वाटतं, याचं काम गोळ्या झाडणं. पण त्याच्या .303 इंची गोळ्यांपेक्षा जर्मन विमानांच्या 20 मिलिमीटर तोफा भारी होत्या. म्हणजे त्याचं खरं काम होतं पाहणं. शत्रू दिसला की तो ‘कॉर्कस्क्रू’ असं ओरडायचा आणि पायलट विमान गिरक्या घेत, खाली-वर नेत निसटायला बघायचा.

आता पाहा, टरेटच्या पर्स्पेक्सवरचा, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकवरचा, साधा डागसुद्धा अंधारात शत्रूचं विमान वाटे. म्हणून अनेक टरेटांमधला समोरचा पर्स्पेक्सच कापून काढला. बाहेर थंडी उणे 40 अंशांपर्यंत! विजेवर तापणारे कपडे घालून माणूस उघड्या वाऱ्याला बसला. ऊब गेली, नजर मिळाली.

पण नजरेला दिशा असते. 1943 पासून जर्मन विमानं पोटाखाली येऊन वर रोखलेल्या तोफांनी मारा करू लागली. बहुतेक लँकेस्टरांच्या पोटाशी पाहणारा कुणीच नव्हता. युद्धात बॉम्बर कमांडची 55,000हून अधिक माणसं गेली.

पहारा चोख होता हो. पण तो कुठे बसवायचा, हे पहारेकऱ्याच्या हातात नव्हतं. जबाबदारी कुणाची, असं विचारताना हा फरक विसरू नये.