शरणपूरहून रबाईला

मोंबासा बेटावरून न्याली पूल ओलांडला की केंगेलेनीचा सिग्नल लागतो. मटाटू मिनीबसचे कंडक्टर प्रवाशांना हाका मारत असतात, हॉर्न थांबत नाहीत, आणि त्या गोंगाटात रस्त्याकडेला एक जुनी घंटा टांगलेली दिसते. गुलामांचे व्यापारी चालून आले की ती वाजवायची, अशी तिची कथा. जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी कुणी तिच्याकडे वर मान करून बघत नाही. मी बघत उभा राहिलो, कारण मी नाशिकचा, आणि ही फ्रिअरटाउनची वस्ती ज्यांनी उभी केली ती माणसं आमच्या शरणपूरची होती.

आज शरणपूर रोड म्हटलं की दुकानं आणि पार्किंगची मारामार आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे चर्च मिशनरी सोसायटीने आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालवला होता. इंग्रजी युद्धनौका अरबी गलबतं पकडत, त्यांतून सुटलेली पोरं मुंबईला उतरवली जात, आणि त्यातली काही नाशिकला पोहोचत. तिथे त्यांना इंग्रजी नावं मिळाली, बायबल मिळालं, लोहारकाम-सुतारकाम मिळालं. १८६६ मध्ये संशोधक-मिशनरी लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेलेल्यांत नाशिकचे नऊ जण होते. पुढे १८७३ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या दफनविधीची प्रार्थना वाचली जेकब वेनराइटने. तोही नाशिकचाच विद्यार्थी.

मग १८७४ साली शरणपूरचे जुने प्रमुख विल्यम सॉल्टर प्राइस मोंबासाला आले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव वस्तीला मिळालं आणि सुमारे दीडशे 'बॉम्बे आफ्रिकन', म्हणजे मुंबई-नाशिककडून आलेले हे आफ्रिकी, तिथे कामाला लागले.

आपल्याच खंडात परतलेली माणसं म्हणून त्यांच्याकडे पाहणं सोपं होतं. पण कुठलं आपलं? यातली कित्येक जण न्यासा सरोवराकडच्या मुलखातून लहानपणी पळवली गेली होती. मोंबासाचा किनारा त्यांनी आधी पाहिला असला, तर गलबताच्या तळातून. स्वाहिली त्यांना शिकावी लागली. किनाऱ्यावरचे बहुसंख्य लोक मुसलमान, आणि हे कोट-पाटलोण घालून रविवारी चर्चला जाणारे. नौदलाने नवी सोडवलेली माणसं उतरवली की त्यांना जमीन आखून द्यायची, माडाच्या झावळ्यांनी झोपड्या शाकारायच्या, भात्यावर कुदळी घडवायच्या, पोरांना अक्षरं गिरवायला लावायची. आलेल्यांत याओ, मकुआ, आणखी कितीतरी जमातींचे लोक, एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. गोऱ्या मिशनऱ्याला जे सांगायचं ते या नाशिककरांच्या तोंडून सांगावं लागे. तरी पगाराची गोष्ट निघाली की ते 'नेटिव्ह' ठरत. मग ते भांडत. मिशनऱ्यांनी त्यांना उद्धट म्हणून ठेवलं आहे. मला मात्र त्या भांडणातच त्यांचं घर वसताना दिसतं. पाहुणा असा हिशोब मागत नाही.

१८८० च्या सुमारास याच आसऱ्याच्या वस्तीत एका इंग्रज अधीक्षकाने फटके मारायला लावले होते, हेही लिहून ठेवायला हवं.

रबाई इथून आत, टेकडीवर. मिशनरी क्राप्फने १८४६ मध्ये इथे मिशन सुरू केलं. त्याचं आणि सहकारी रेबमानचं घर अजून उभं आहे. भोवती माडच माड, बुंध्याला खाचा पाडलेल्या, वर माडी काढणारा चढलेला. कोकणातल्या माणसाला इथे करमेल. विल्यम जोन्स मात्र नाशिकहून आलेला, त्याला माड कुठले ओळखीचे! १८६० च्या दशकात तो इथे आला, पुढे इश्माएल सेमलरबरोबर १८८५ मध्ये त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. दीक्षा देणारे बिशप हॅनिंग्टन त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर मारले गेले. जोन्स मागे तळ सांभाळत होता. बातमी खरी ठरल्यावर उरलेला काफिला त्याने शेकडो मैल चालवत रबाईला परत आणला.

मालकांकडून पळालेले गुलाम त्या काळात रबाईच्या आसपास येऊन राहत होते. त्यांना ठेवून घेऊ नका, असा ब्रिटिश वकिलातीचा मिशनला आग्रह होता, कारण झांझिबारच्या सुलतानाशी संबंध बिघडायला नकोत. कागदावर मिशनने मान डोलावली. पण रबाईला कारभार जोन्सच्या हाती होता, आणि आलेला माणूस कुणाच्या मालकीचा हे तो खोदून विचारत नसावा. कसं विचारणार? एकेक करत ही संख्या हजारावर गेली. त्यांनी झोपड्या बांधल्या, मका लावला, काही बाप्तिस्म्याच्या वर्गात बसू लागले.

१८८८ च्या अखेरीस मालक संतापून एकत्र आले आणि प्रकरण हातघाईवर यायच्या बेतात होतं. इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेंझीने पैसे मोजून तोड काढली. १ जानेवारी १८८९ रोजी रबाईला सुमारे १,४०० जणांच्या मुक्ततेचे दाखले निघाले. भरपाई अर्थात मालकांना मिळाली.