सरड्याची लाळ आणि वजनाचे औषध

मुलांनो, पोट भरले की तुम्ही ताट बाजूला सारता. पण पोट भरल्याचे मेंदूला कोण कळवते? जेवताना आपल्या आतड्यांतून काही द्रव्ये रक्तात मिसळतात. त्यांपैकी एकाचे नाव जीएलपी-१. ते रक्तातील साखर आटोक्यात ठेवते आणि मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देते. पण हा निरोप्या फार अल्पायुषी. काही मिनिटांतच तो नाहीसा होतो. मग त्याचे औषध कसे बनवायचे?

याचा धागा सापडला एका सरड्याच्या लाळेत! अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटात हिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा राहतो. तो सुमारे अर्धा मीटर लांब असतो आणि वर्षातून मोजक्याच वेळा खातो. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन एंग यांना त्याच्या लाळेत जीएलपी-१ सारखेच एक द्रव्य आढळले. हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते द्रव्य मात्र लवकर नष्ट होत नव्हते. त्यावरून बनलेल्या मधुमेहाच्या औषधाला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. ते घेणाऱ्या अनेकांचे वजनही घटले.

डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. त्यांनी माणसाच्याच जीएलपी-१ मध्ये थोडा बदल केला आणि त्याला चरबीची जणू एक शेपटी जोडली. या शेपटीमुळे ते रक्तातील प्रथिनाला चिकटून राहते. अशा औषधांपैकी सेमाग्लुटाइडचे एक इंजेक्शन आठवडाभर पुरते. २०२१ मध्ये त्याच्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. आहार व व्यायाम सांभाळून ते घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के घटले होते.

एवढी चाचणी कशाला, असे तुम्हांला वाटेल. त्याला कारण आहे. १९३० नंतर अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल हे रसायन लोक बारीक होण्यासाठी घेऊ लागले. वजन खरोखरच उतरे. पण कित्येकांना मोतीबिंदू झाला, काही जण अंगातील उष्णता भडकून दगावले. स्फोटकांच्या कारखान्यातले रसायन ते!

नव्या औषधांनीही मळमळ आणि उलट्या होतात. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात. शिवाय सेमाग्लुटाइड थांबवलेल्या लोकांची पाहणी केली, तेव्हा घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आलेले दिसले. भूक परतली होती. अनेक डॉक्टर आता लठ्ठपणाला आळस न म्हणता मधुमेहासारखा दीर्घकाळचा आजार म्हणतात, ते यामुळेच.