खाली कोण उभं आहे?

फ्रान्समधलं खेडं, दगडी घर, हातात चेनसॉ आणि डोक्यावर बॉस नाही! तुलूजजवळ ट्री सर्जरीचा छोटासा धंदा चालवणाऱ्या एका इंग्रज नवरा-बायकोबरोबर काढलेले चार दिवस...

"सगळं सोडून कुठेतरी गावात जाऊन राहायचं यार!" तुमच्या ऑफिसमध्ये हा डायलॉग आठवड्यातून किती वेळा ऐकू येतो? अ‍ॅप्रेजलच्या दिवसांत तर रोजच येत असणार. मी पडले फ्रीलान्सर, त्यामुळे सोडण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. तरीही सोमवारी सकाळी सकाळी संपादकांचा फोन वाजला की मीसुद्धा मनातल्या मनात हेच म्हणते.

असं खरोखर सगळं सोडून गेलेला एक माणूस मला गेल्या नोव्हेंबरात भेटला. झाडावर! चांगला चार-पाच मजले उंच, दोरीला लटकलेला, कमरेला छोटी चेनसॉ.

झालं असं, की माझी मावसबहीण तुलूजला असते. तुलूज म्हणजे विमानांचं गाव. एअरबसचं मुख्य ठाणं तिथेच, त्यामुळे आपल्याकडचे इंजिनिअर तिथे बऱ्यापैकी भेटतात. ताई त्यातलीच एक. शहराबाहेर तिने जुनं घर घेतलंय आणि घरामागे घराहूनही जुना ओक आहे. त्याची एक भलीमोठी वाळकी फांदी बरोबर छपरावर आलेली. "अगं, उद्या एक इंग्रज येणार आहे फांदी काढायला. तुला नाहीतरी स्टोरीच हवी असते," ताई म्हणाली.

ट्री सर्जन हा शब्द मी तोपर्यंत फक्त वाचला होता. आपल्याकडे फांदी तोडायची म्हणजे सोसायटीचा महापालिकेला अर्ज, मग एक ट्रक, एक शिडी, एक कोयता आणि खाली उभं राहून सल्ले देणारे दहा जण. इथे मात्र सकाळी आठला एक व्हॅन आली, मागे जोडलेला चिपर (फांद्यांचा भुगा करणारं यंत्र), आणि आत फक्त दोन माणसं. पन्नाशीचा तो आणि त्याच्याहून दोनेक वर्षांनी लहान त्याची बायको. त्याने दोरी फांदीवरून टाकली, हार्नेस चढवला आणि माकडालाही लाजवेल अशा सफाईने वर गेला. बायको खाली. पुढचे तीन तास दोघं एकमेकांशी जेमतेम वीस शब्द बोलले असतील. फांदी तुकड्या-तुकड्याने, प्रत्येक तुकडा दोरीने बांधून, छपराच्या एकाही कौलाला धक्का न लावता खाली आली.

दुपारी कॉफी पिताना मी विचारलं, "चार दिवस तुमच्याबरोबर येऊ का?" तो म्हणाला, "ये. पण माझं नाव छापायचं नाही. आणि काम करावं लागेल."

दोघं २००६मध्ये इंग्लंडहून इथे आले. तो तिकडे एका कंत्राटदाराकडे झाडावर चढायचा, ती शाळेत शिकवायची. स्वप्न तेच, तुमचं-आमचं. सुरुवातीचं गणितही सोपं वाटलं होतं. फ्रान्सच्या या भागात निवृत्त इंग्रज भरपूर. मोठी बाग, म्हातारी झाडं, आणि फ्रेंच येत नसल्यामुळे इंग्रजी बोलणारा माणूस दिसला की ते अक्षरशः मिठी मारणार. पहिली दोन वर्षं तशी झक्कास गेलीही. मग २००८च्या शेवटी पौंड घसरत घसरत जवळपास युरोच्या बरोबरीला आला. पेन्शन पौंडात आणि खर्च युरोत असलेल्या मंडळींनी सगळ्यात आधी कशाला कात्री लावली असेल? बागेला!

"मी फ्रान्समध्ये राहत होतो, पण धंदा इंग्लंडमध्येच करत होतो. हे मला तेव्हा कळलं," तो म्हणाला. मग फ्रेंच गिऱ्हाइकं मिळवायची तर फ्रेंच शिकायला हवी होती. बाकीच्यांसारखी रेस्टॉरंटमध्ये ऑर्डर देण्यापुरती नाही, तर 'तुमच्या शेजाऱ्याच्या हद्दीत येणारी ही फांदी कापली तर पडणारं लाकूड कोणाचं' हे समजावण्याइतकी. जळाऊ लाकूड तिथे 'स्तेर'मध्ये मोजतात, म्हणजे रचलेल्या लाकडाचा एक घनमीटर, आणि लाकूड कोण नेणार यावरून चांगली भांडणं होतात. इथे प्रत्येक कामाआधी लेखी अंदाजपत्रक द्यायचं, त्याला 'दव्ही' म्हणतात. गिऱ्हाइकाने त्यावर 'मान्य आहे' अशा अर्थाचे फ्रेंच शब्द लिहून सही केली की करार पक्का. पहिल्या वर्षी त्याने शब्दावर विश्वास ठेवून दोन कामं केली. पैसे अजून यायचेत.

कागदांचं जंगल

एक्स्पॅट आयुष्याची खरी परीक्षा झाडावर नसते हो, फाइलमध्ये असते. फ्रान्समध्ये २००९पासून छोट्या धंदेवाल्यांसाठी एक सोपी योजना आहे. ऑनलाइन नाव नोंदवा, चौदा आकडी नंबर मिळवा, जेवढी उलाढाल तेवढ्यावर ठरावीक टक्के भरा, विषय संपला. भाषांतर करणारे, रंगारी, वेबसाइट बनवणारे असे बाहेरून आलेले कितीतरी जण तिच्यातच असतात. मित्रांनी यालाही तोच सल्ला दिला. पण बागकाम आणि झाडांची कामं तिथे शेतीच्या सामाजिक विम्याखाली येतात, आणि ती या सोप्या योजनेत बसत नाहीत. त्यामुळे त्याच्या मागे शेतकऱ्यांचा विमा, पूर्ण हिशेब आणि अकाउंटंट लागला. कमाई घसरली तरी किमान हप्ता चुकत नाही. शिवाय व्यावसायिक विमा, चिपरचा हप्ता, दोऱ्या, ब्लेड. चिपरची किंमत एका बऱ्यापैकी नव्या गाडीएवढी असते, हे ऐकून मी त्याच्यापासून जरा लांबच उभी राहायला लागले.

पहिल्या दिवशी मला मिळालेली पँट हा एक स्वतंत्र विषय आहे. वजनदार, ढगळ, शून्य ग्लॅमर! पण तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेनसॉ लागलीच तर ते धागे ओढले जाऊन साखळीत गुंततात आणि ती जागच्या जागी थांबते. मला काही चेनसॉ हातात मिळाली नाही. फांद्या ओढायच्या, चिपरपर्यंत न्यायच्या, आणि वर माणूस असताना खाली फिरकायचं नाही, एवढंच माझं काम. दुपारी बारा ते दोन मशीन बंद. गावात त्या वेळी लोक जेवतात, आणि जेवणाच्या वेळी चेनसॉ लावणाऱ्याला पुढच्या वर्षी काम मिळत नाही.

झाड तोडणं हा धंद्याचा छोटा भाग आहे, असं त्याचं म्हणणं. अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स शायगो नावाच्या शास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड त्या भागाला आतून भिंत घालून बंद करतं आणि बाहेर नवं लाकूड वाढवतं. म्हणून कापायचं ते फांदीच्या बुडाशी असलेला फुगवटा शाबूत ठेवून. खोडाला घासून कापलं की ती भिंतच मोडते. वरून रंग-डांबर फासण्याचाही काही उपयोग नसतो. पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? दक्षिण फ्रान्सच्या चौकाचौकांत प्लेनची झाडं (आपल्या काश्मिरी चिनाराचं चुलत भावंड) दर हिवाळ्यात पार मुठीसारखी छाटलेली दिसतात. ती लहानपणापासून तशीच छाटलेली असतात, म्हणून त्यांना चालतं. ते बघून लोक ऐंशी वर्षांच्या देवदाराकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "याचं पण तसंच करा, अर्धं करा!" आधी तो भांडायचा. "एक इंग्रज येऊन मला माझं झाड शिकवतो," असं ऐकल्यावर भांडण सोडलं. आता तो कागदावर चित्र काढतो.

वर चढण्याआधी तो दुर्बिणीने शेंडा बघतो. कशाला? एशियन हॉर्नेट, म्हणजे आशियाई गांधीलमाशी. फ्रान्समध्ये ती पहिल्यांदा सापडली २००४मध्ये, इथून जवळच्याच लो-ए-गारॉन जिल्ह्यात. चिनी मातीच्या भांड्यांच्या मालातून आली, असं मानतात. फुटबॉलहून मोठी घरटी उंच शेंड्यात असतात आणि उन्हाळ्यात पानांमुळे दिसतही नाहीत. "मी इथे आलो त्याच सुमाराला तीही आली," तो हसत म्हणाला. "तिचं मात्र माझ्यापेक्षा छान बस्तान बसलं."

पॉप्लर

तिसऱ्या दिवशी आम्ही एका शेतावर गेलो. ओढ्याकाठी पूर्ण वाळलेला पॉप्लर, वीस मीटरच्या वर. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला विजेची तार. इथे नियम स्पष्ट आहे. पन्नास हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून तीन मीटर लांब राहायचं, त्यावर पाच मीटर.

त्या दिवशी बायको आली नव्हती. तिचा खांदा गेले वर्षभर दुखतोय आणि आदल्या रात्री हात वरच उचलेना. मोठ्या कामाला तो दिवसाच्या बोलीवर आणखी एक चढणारा बोलावतो, त्या मुलाचा सकाळी सातला मेसेज आला, ताप आहे. राहिलो कोण? तो आणि मी.

शेतकरी दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला. पुढच्या आठवड्यात गोठ्याच्या छपराचं काम सुरू होणार होतं, त्याआधी झाड आडवं व्हायला हवं. चांगल्या पैशांचं काम होतं, शिवाय ओळखीने मिळालेलं. तो पंधरा मिनिटं झाडाभोवती फिरला, खोडावर हातोडीने ठोकून बघितलं. मग माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"मी वर बेशुद्ध झालो तर तू काय करशील?"

मी दोन दिवसांत बऱ्यापैकी एक्स्पर्ट झाले होते (असं मला वाटत होतं). म्हटलं, "फोन. ११२."

"काय बोलशील?"

व्हॅनच्या डॅशबोर्डवर एक कार्ड चिकटवलेलं असतं. प्रत्येक ठिकाणी पोचलं की चेनसॉ सुरू व्हायच्या आत त्याची बायको त्यावर शेताचा पत्ता, जवळचा रस्ता आणि नकाशावरचे आकडे लिहिते. खाली फ्रेंचमध्ये एक वाक्य कायमचं छापलेलं आहे: झाडात माणूस लटकलाय, उत्तर देत नाहीये. मी ते वाचून दाखवलं. माझे फ्रेंच 'र' ऐकून एरवी तो खो-खो हसला असता. त्या दिवशी हसला नाही.

मग त्याने मला समजावलं. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकत राहणं हेच मुळात धोक्याचं असतं, पायातलं रक्त वर फिरत नाही. खेड्यातले अग्निशमनवाले बहुतेक स्वयंसेवक, कामधंदा सोडून येणार, मग गाडी निघणार. तोपर्यंत खालच्या माणसाने दुसऱ्या दोरीने वर जाऊन जखमीला खाली आणायचं असतं. इंग्लंडमध्ये चढण्याच्या परीक्षेतच हे करून दाखवावं लागतं. त्याची बायको ती परीक्षा पास झालीय, शाळेत शिकवणारी बाई, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. दरवर्षी एका रविवारी ती त्याला झाडावरून 'बेशुद्ध' उतरवते.

"तुला मला खाली आणता येईल?" त्याने विचारलं.

नाही, असं म्हणायला मला वेळ लागला. कबूल करते, क्षणभर वाटलं, की हो म्हणावं आणि काही होणार नाही. दहातल्या नऊ वेळा काहीच होत नाही ना?

त्याने दोऱ्या गुंडाळायला सुरुवात केली. शेतकऱ्याला जाऊन सांगितलं, आज नाही. मला सगळं कळलं नाही, पण शेतकऱ्याचा आवाज चढला एवढं कळलं. "पैशाची तुम्हाला गरज दिसत नाही," असं काहीसं तो म्हणाला, हे मागाहून व्हॅनमध्ये समजलं. गरज होती. गॅरेजवाल्याचं बिल तिथेच, कार्डाच्या शेजारी खोचलेलं होतं.

परतताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पूर्वी इंग्लंडमधून एखाद्या पोराला बोलवायचो. दोन महिने राहायचा, काम करायचा, वाइन प्यायचा, जायचा." ब्रेक्झिटने ते बंद झालं. ३१ डिसेंबर २०२०च्या आत इथे राहत असलेल्यांना राहण्याचा हक्क मिळाला, हे दोघं त्यात आहेत. पण आता तिकडून येणाऱ्या पोराला कामाचा परवाना हवा, आणि दोन माणसांच्या धंद्याने त्यामागे पळायचं कधी? इथला माणूस कायमचा ठेवायचा तर पगारावर मालकाचा विम्याचा वाटा आला. हिवाळ्यात जमेल, पण पक्ष्यांच्या विणीच्या महिन्यांत, मार्चनंतर, तो बरीच छाटणी स्वतःहूनच टाळतो. तेव्हा पगार कुठून काढणार?

"मग कोणाला न घेता एकट्याने चढणारे असतील ना?" मी विचारलं.

"असतात," तो म्हणाला. "स्वस्तही पडतात."

त्या रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात बायकोने वहीत जाहिरात लिहायला घेतली. मदतनीस हवा, चढता येत असेल तर उत्तम. दुखऱ्या खांद्यामुळे डाव्या हाताने कागद धरता येत नव्हता, म्हणून त्यावर मीठदाणी ठेवली होती. फ्रेंच व्याकरण सकाळी बेकरीवाली तपासून देणार होती, अठरा वर्षं तीच तपासून देते. त्याने खांद्यावरून वाकून वाचलं आणि एक शब्द बदलायला सांगितला. 'मजबूत'च्या ऐवजी 'शांत डोक्याचा'.

परवा ताईचा फोन आला होता. जाहिरातीला दोन उत्तरं आली, त्यातला एक शेजारच्या गावचा पंचविशीचा मुलगा, सध्या आठवड्यातून दोन दिवस येतो. बाईंचा खांदा अजून तसाच. आणि पॉप्लर?

"तो दुसऱ्याच कोणीतरी पाडला," ताई म्हणाली. "एकटाच आला होता म्हणे."