गिरणीतून अंतराळात

अंतराळात गेलेली जगातली पहिली स्त्री म्हणजे सोव्हिएत रशियाची व्हॅलेंटिना तेरेश्कोवा. वडील ट्रॅक्टर चालवायचे, ते युद्धात मारले गेले. आईने गिरणीत राबून तीन लेकरं वाढवली. व्हॅलेंटिनाही कापड गिरणीत कामाला लागली. पण हौसेनं ती पॅराशूट बांधून विमानातून उडी मारायला शिकली. तीच हौस उपयोगी पडली. कारण 'व्होस्तोक' यानातून परतताना सुमारे ७ किलोमीटर उंचीवर बाहेर पडून पॅराशूटनेच उतरावं लागे. १६ जून १९६३ ला, वयाच्या २६ व्या वर्षी ती निघाली आणि जवळजवळ तीन दिवसांत पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या मारून सुखरूप उतरली.

म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत सांगतो, कुणी नवं काही शिकत असेल, तर 'याचा काय उपयोग?' म्हणून तिला अडवू नका.