घोडा आधी, मुक्काम नंतर

घोडा चार बोटांवर उभा असतो. प्रत्येक पायाला एकच बोट, आपल्या मधल्या बोटाच्या जागचं, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं वाढलेलं नख. तीन-चारशे किलोंचा देह या चार नखांवर तोलून हा प्राणी धावतो, उडी घेतो, वर उभ्या उभ्या झोपही काढतो. मागच्या पायाची गुडघ्याची वाटी तो मांडीच्या हाडावरच्या उंचवट्यावर अडकवून ठेवतो. पाय जागच्या जागी पक्का झाला की स्नायूंना फारसं काम उरत नाही.

आमच्या खानदेशातल्या बोदवडच्या पोरांनी घोडा पाहिलेला असतो तो बहुधा वरातीत: डीजेच्या दणक्यात, डोक्यावर झुंबराचा उजेड आणि पाठीवर घामाघूम नवरदेव. मग एखाद्या सुट्टीत घरात ठरतं, यंदा मुलांना घोडेस्वारीला न्यायचं. आणि काय शोधलं जातं? खोल्या, जेवण, पोहण्याचा तलाव. घोडे शेवटी. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे.

पाहुण्यांना घोड्यांच्या कुरणावर मुक्कामी ठेवण्याचा धंदा अमेरिकेत रुजला तो ईटन भावांमुळे. डाकोटात त्यांचं गुरांचं कुरण होतं. पूर्वेकडच्या शहरांतले मित्र येत, राहत, खात, घोडे फिरवत. १८८२ च्या सुमारास या पाहुण्यांनीच खर्च देऊ केला आणि आदरातिथ्याचा व्यवसाय झाला. १९०४ मध्ये ईटन वायोमिंगला गेले. १९२६ मध्ये अशा कुरणवाल्यांची संघटनाही उभी राहिली. यातली घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की चांगल्या कुरणावर घोड्याची निवड पाहुणा करत नाही. तिथला माणूस वजन विचारतो, आधी कधी बसलात का विचारतो, भीती वाटते का तेही विचारतो आणि मग जोडी लावतो. शक्यतो मुक्कामभर तोच घोडा राहतो.

आपल्याकडे तसं कुरण नाही, पण माथेरान आहे. भुसावळहून कल्याण, तिथून कर्जत लोकलनं नेरळ, मग घाट. दस्तुरी नाक्यावर खासगी गाड्या थांबतात आणि पुढे लाल मातीचे रस्ते नि घोडे. तिथे घाई करू नका. वजनाचा साधा अंदाज असा: घोड्यानं स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं, खोगिरासकट, वाहू नये. तीनशे किलोंच्या तट्टावर साठ किलो. पंचाऐंशी किलोंच्या बाबांनी खुशाल पायी चालावं. रस्ते तसेही सावलीचे आहेत. ‘काही होत नाही साहेब, बसा’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘तुम्हाला मोठा घोडा लागेल’ म्हणणारा घोडेवाला शंभर पटीनं बरा.

घोडा कसा पाहायचा हे शिकायला मात्र खानदेशी माणसाला घाट चढावा लागत नाही. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, एकमुखी दत्ताची. भुसावळहून सुरत मार्गाच्या गाडीनं दोंडाईचा आणि पुढे रस्त्यानं. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडची जनावरं ओळीनं बांधलेली असतात. मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, ती पाहूनच मुलं थबकतात. व्यापारी ओठ वर करून दात पाहतो. पाचव्या वर्षापर्यंत पुढचे सगळे दुधाचे दात पडून कायमचे आलेले असतात, त्यामुळे वय तोंडातच लिहिलेलं. मग खूर, पायांवरची सूज, अंगावरचे भोवरे. (भोवऱ्यांवरून नशीब ठरवणं मला पटत नाही, पण सौदे त्यावर मोडतात.) आणि शेवटी चाल. दुडक्या चालीत तिरपे पाय जोडीनं पडतात, म्हणून स्वार वर-खाली आदळतो. रेवाल चालीत एका बाजूचे दोन पाय पाठोपाठ पडतात, पाठ जवळजवळ हलत नाही, आणि स्वार गादीवर बसल्यासारखा पुढे सरकतो.

तिथे विकत काही घ्यायचं नाही, फक्त नजर कमवायची. मग सुट्टीच्या ठिकाणी गेल्यावर तीच वापरायची. खोगीर चढवण्याआधी पाठ दाखवायला सांगा. खांद्यामागच्या उंचवट्यावर किंवा तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याच्या, जागी केस झडलेले, कातडी सोलवटलेली दिसली तर तिथून निघा, भाव कितीही कमी असो. अंगावर माशी बसली तरी घोड्याला कळतं आणि तेवढीच कातडी थरथरते. जखमेवर तंग आवळल्यावर त्याचं काय होत असेल? बरगड्या मोजता येतात का पाहा, पाण्याची कुंडी भरलेली आहे का पाहा. कान सपाट मागे पाडलेला घोडा चिडलेला असतो. त्याच्यावर मूल बसवू नका.

मुलांना दोन गोष्टी घरीच सांगून ठेवा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीमागचं. म्हणून मागून जायचं नाही. आधी बोलायचं, मग खांद्याच्या बाजूनं जवळ जायचं. दुसरी गोष्ट खाण्याची. घोड्याला ओकारी होत नाही. एकदा पोटात गेलं ते उलट येत नाही आणि पोटदुखीनं तगडं जनावर दगावतं. डब्यातली शेव, पोळी, बिस्किटं त्याच्यापुढे धरू नका. काही द्यायचंच असेल तर मालकाला विचारून, तळहात सपाट ठेवून.

हेल्मेट मुलाच्या मापाचं आहे का, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा. आणि पहिल्या फेरीला लगाम घोडेवाल्याच्या हातात राहू द्या, मोठ्यांचासुद्धा.